विझवा ऑफिसातली सायकल

खरं सांगते! माझ्या घंटीची शपथ, साखळीची शपथ, दोन्ही पायडलांची शपथ! आज मी जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझ्या मागच्या चाकाचे सगळे आरे गळून पडोत. झालं समाधान? आता मांडी घालून बसा आणि ऐका. मधेच कुणी ‘काहीतरीच काय!’ म्हणालं, तर मी घंटी वाजवीन.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण अशीतशी नाही हं. मी आयुष्यभर पळत होते, आणि जागची एक वीतसुद्धा हलले नाही. माझं मागचं चाक जमिनीला टेकतच नाही. ते लोखंडी घोडीवर उचलून धरलेलं आहे. चाकावरून एक पट्टा जातो, तो एका डायनामोला फिरवतो, आणि माझ्या पुढे लाकडाची एक फळी आहे, तिच्यावर बल्बच बल्ब. माझ्यावर बसायचं, पायडल मारायचं, की बल्ब लागलाच.

मागच्या जन्मी मी एका दूधवाल्याची सायकल होते. रस्त्यातले सगळे खड्डे मला तोंडपाठ होते. पुढे दूधवाल्याने फटफटी घेतली आणि मला वेल्डरच्या दुकानामागे टाकून दिलं. तिथं मी गंजत पडले होते, तेवढ्यात मोठे साहेब आले.

हे मोठे साहेब म्हणजे सरकारी माणूस. बुटके, टकलू, आणि आवाज असा की ते बोलायला लागले की खिडक्यांच्या काचा आधीच कानात बोळे घालायच्या. तेव्हा राज्य सरकारने एक नवीन ऑफिस काढलं होतं. त्या काळी विजेची फार ओढाताण होती. जेवणाची ताटं वाढली की दिवे जायचे, आणि माणसं अंदाजाने घास तोंडात घालायची. वीज बनवणारं खातं होतं, तारा ओढणारं खातं होतं, बिल पाठवणारं तर होतंच होतं. पण वीज वाया जाऊ नये हे बघायला कुणी नव्हतं. तेच या नव्या ऑफिसचं काम. कारखान्यात जाऊन कुठून वाफ गळते ते शोधायचं. दवाखान्याच्या छपरावर उन्हाने पाणी तापवायचे बंब बसवायचे. कमी धुराच्या चुली वाटायच्या. रस्त्यावरचे जुने खादाड दिवे काढून नवे लावायचे. आणि घरोघरी सांगायचं, बाबांनो, नको असेल तेव्हा विझवा! कागदावर त्या ऑफिसचं नाव लांबलचक होतं. बाजारातल्या लोकांनी दमून त्याला ‘विझवा ऑफिस’ म्हणायला सुरुवात केली.

साहेब गावोगाव भाषणं द्यायचे. मोठाले तक्ते टांगायचे. लोक माना डोलवायचे, आणि मान डोलता डोलता झोपायचे. एकदा तर पहिल्या रांगेतली आजी इतकी घोरली की साहेबांचा तक्ता फडफडायला लागला. साहेब तिथून तडक वेल्डरच्या दुकानात.

“लोकांच्या डोक्यात शिरत नाही हो काही,” साहेब म्हणाले.

“मग?” वेल्डर म्हणाला.

“मग आता पायातून शिरवू! एक सायकल द्या.”

अशी मी जन्मले. वेल्डरने मला खरवडलं, हिरवा रंग दिला, घोडीवर चढवलं. फळीवर डाव्या बाजूला जुने पिवळे बल्ब, उजव्या बाजूला नवे पांढरे, प्रत्येकाला वेगळं बटण. पिवळा एकच बल्ब लावायचा तर पायडल असं जड व्हायचं की मांड्या भरून यायच्या. तेवढ्याच जोरात पांढरे चार लागायचे. यात भाषण कुठं आलं? पायच सांगायचे. हँडलवर एक भोंगाही बसवला. पायडल मारलं की तो बोलायचा, थांबलं की मुका. त्यामुळे आमच्याकडे भाषण लांबवायची सोयच नव्हती.

आणि मग ताई आली.

ताई ऑफिसात नवीन लागली होती. केस घट्ट बांधलेले, हसली की एक दात जरा पुढं. तिचं काम एवढंच, की मला गाडीत घालून गावोगाव न्यायचं आणि लोकांना माझ्यावर बसवायचं. गाडी चालवायचे ड्रायव्हरमामा. त्यांची आणि ताईची रोज भांडणं.

“ताई, तुझी ही सायकल गाडीपेक्षा जड आहे. उतारावर हीच आम्हाला ढकलते.”

“मामा, तुमच्या गप्पा तिच्याहून जड आहेत. गाडी त्यानेच दबते.”

बाजाराच्या मधोमध मला उभी करून ताई स्वतः पायडल मारायची आणि भोंग्यातून हाळी द्यायची: “या हो या! पायडल मारा, दिवा लावा! फुकट आहे, घाम तेवढा आपापला आणा!” हळूहळू गर्दी जमायची. एकदा एका बाईने नवऱ्याला दंडाला धरून आणलं आणि सीटवर बसवलं. “रोज सगळ्या घरात दिवे चालू ठेवून झोपतात. लावा ताई, पिवळे सगळे लावा. ऐका हो, मी सांगेपर्यंत उतरायचं नाही!” तो बिचारा पायडल मारतोय, बायको मोजून एकेक बटण दाबायला सांगतेय, आणि अख्खा बाजार बघतोय. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, “अगं, आजपासून अंधारात जेवीन, पण खाली उतरव!”

एकदा एक पैलवान आला. मिशीला पीळ देऊन बसला. त्याने असं पायडल मारलं, असं पायडल मारलं, की पिवळे सगळे बल्ब एकदम लागले. भर दुपारी शेजारच्या घरावरचा कोंबडा दिवस उगवला समजून आरवला, आणि पलीकडच्या शाळेतले मास्तर घाईघाईने हजेरी घ्यायला लागले. त्या दिवशी मी घोडीसकट सरकत सरकत बटाट्याच्या दुकानापर्यंत गेले. मघाशी म्हणाले जागची हलले नाही, ते हा दिवस सोडून. खोटं वाटतंय? टिंग टिंग! सांगितलं होतं ना, मधे बोलायचं नाही.

आता ऑफिसातली गंमत ऐका. मोठ्या साहेबांनी एक नियम केला होता. ऑफिसासाठी विजेवर चालणारी कुठलीही नवी वस्तू हवी असेल, तर मागणाऱ्याने आधी माझ्यावर बसायचं. तेवढ्या विजेचे बल्ब फळीवर लावायचे आणि चहा उकळेपर्यंत पायडल मारायचं. मारलं, तर वस्तू मिळाली. सगळ्यात पहिले कोण बसलं? साहेब स्वतः! त्यांना खोलीत दुसरा पंखा हवा होता. चहाला नुसते बुडबुडे आले, तोवर साहेबांचं टक्कल लालबुंद. खाली उतरले, रुमालाने डोकं पुसलं आणि म्हणाले, “राहू दे. खिडकी उघडा.”

झालं, तेव्हापासून सगळ्या ऑफिसालाच खिडक्यांचं वेड लागलं. इमारत अशी, की पुढच्या मोठ्या खोलीत सकाळचं ऊन, मागच्या खोलीत दुपारचं. वेल्डरने सगळ्या टेबलांना चाकं बसवून दिली. सकाळी सगळे पुढे बसायचे. ऊन डोक्यावर आलं की ताई माझी घंटी वाजवायची, टिंग टिंग, की सगळे उठायचे आणि आपापली खुर्ची टेबलाला अडकवून टेबल ढकलत मागे. बोळातून टेबलांची वरात निघायची. हिशेबनीस बाई तर टेबलावरची दौत न सांडता टेबल वळवायच्या, आणि कुणी मधे आलं तर ओरडायच्या, “बाजूला व्हा, ब्रेक नाहीत!” दिवसभर एक दिवा लागायचा नाही.

गावोगाव फिरून आले की माझी जागा मात्र पुढच्या खोलीतच, दारापाशी. मला कोण ढकलणार?

अशी बरीच वर्षं गेली. माझा हिरवा रंग उडाला, ताईचे केस पांढरे झाले, ड्रायव्हरमामांच्या गप्पा मात्र तेवढ्याच राहिल्या. ज्या मुलांनी माझ्यावर बसून पांढरे बल्ब लावले होते, ती मोठी होऊन आपली मुलं घेऊन यायला लागली. मोठे साहेब निवृत्त झाले. आणि मग एक दिवस बातमी आली की सरकारला हे ऑफिसच नको झालंय.

तसं त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. धरण बांधलं तर दिसतं. खांब उभा केला तर दिसतो. जी वीज खर्चच झाली नाही, ती कुणाला काय दाखवायची? वरून पाहणीला माणसं येणार होती. ऑफिसात काम चालतंय असं त्यांना दिसलं तर ऑफिस राहणार. नाहीतर दाराला कुलूप. बाकीच्यांना इकडच्यातिकडच्या खात्यांत जागा मिळणार होती. ताईला मिळणार होती दूरच्या शहरातली एक खिडकी. तिच्याआड बसून दिवसभर शिक्के मारायचे. आणि मला मिळणार होता भंगारवाला.

पाहणीच्या आदल्या दिवशी ताईने माझ्या साखळीला तेल घातलं, बल्ब पुसले, आणि सीटवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मामा म्हणाले, “ताई, शिक्के मारायला तुला भोंगा लागेल का गं?” रोजच्यासारखी ती फटकन काहीतरी बोलेल म्हणून ते थांबले. तिने पुसलेलाच बल्ब पुन्हा पुसायला घेतला. मग मामाही टोपी सावरत निघून गेले.

पाहणीच्या दिवशी त्या वेळचे साहेब नवा कोट घालून आले. दारातूनच म्हणाले, “आज कुणी काटकसर करायची नाही! सगळे दिवे लावा, सगळे पंखे लावा. ऑफिस कसं उजळलेलं दिसलं पाहिजे.”

सगळे दिवे लागले. सगळे पंखे लागले. आणि सगळी माणसं कावरीबावरी होऊन बसली. बाहेर लख्ख ऊन आणि आत दिवे! हिशेबनीस बाईंना काम सुचेना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच आपल्या डोक्यावरचा दिवा बंद केला. शेजारच्याने बघितलं, त्यानेही केला. मग तिसऱ्याने. साहेब कोटाची गुंडी शोधायला वळले, तेवढ्यात पंखे गेले. शेवटचा दिवा साहेबांच्या टेबलावरचा. तो कुणी विझवला माहीत आहे? साहेबांनीच! हात आपोआप गेला, काय करणार?

पाहणीची माणसं सकाळी यायची होती. आली नाहीत. वाट बघता बघता ऊन डोक्यावर आलं. आणि ताईने... अहो, कपाळावर हात मारा... ताईने सवयीने माझी घंटी वाजवली! टिंग टिंग! सगळे सवयीने उठले. टेबलांची वरात निघाली. साहेबही कोट सांभाळत आपलं टेबल ढकलत गेले. दारावरचा पहारेकरी हिशेबनीस बाईंच्या टेबलाला हात लावायला गेला. मधलं दार लागलं. पुढच्या खोलीत उरले मी एकटी, आणि सगळीकडे सावली.

नेमकी तेव्हाच बाहेर गाडी थांबली.

एक उंच बाई उतरल्या, हातात छत्री, मागे दोन माणसं. आत आल्या. रिकामी खोली बघितली. बंद दिवे बघितले, थांबलेले पंखे बघितले.

“कुणी आहे का?”

मी आहे! मी आहे हो! मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण पायडल मारल्याशिवाय मला आवाज कुठला?

“अरे, इथं तर खुर्च्यासुद्धा राहिल्या नाहीत,” मागचा एक माणूस म्हणाला.

“हे ऑफिस आपण काय बंद करायचं?” बाई म्हणाल्या. “हे तर कधीच बंद पडलंय. चला, गाडी काढा.”

मित्रांनो, तेव्हा माझी साखळी जागच्या जागी थंड पडली. बाई पायऱ्या उतरल्या. गाडीचं दार लागलं. आणि तेवढ्यात मधलं दार उघडून ताई आली. चष्मा विसरली होती. तिने खिडकीतून गाडी बघितली, वळणारी. एका क्षणात सगळं तिच्या लक्षात आलं. धावली असती, पण गुडघे कुठं साथ देत होते? ती धावली नाही. ती उडी मारून माझ्यावर बसली.

त्या वयातली ती उडी मी अजून विसरले नाही. साडीचा काठ साखळीत अडकता अडकता वाचला. तिने भोंग्याचं बटण दाबलं आणि असं पायडल मारलं की पैलवानाने लाजावं. आता भोंग्यातून तिने काय म्हणायला हवं होतं? ‘थांबा, आम्ही मागच्या खोलीत आहोत!’ हो की नाही? पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं. भोंगा कडाडला:

“या हो या! पायडल मारा, दिवा लावा! फुकट आहे, घाम तेवढा आपापला आणा!”

रस्ता थांबला. झाडावरचे कावळे उडाले. गाडी फाटकात करकचून थांबली. बाई छत्री उगारल्यासारखी धरून परत आल्या.

“ही काय थट्टा चाललीय?”

ताईला दम लागला होता. “थट्टा नाही... बाई... आहोत आम्ही... सगळे आहोत.”

“आहात? एवढी मोठी खोली आणि एक दिवा नाही, एक पंखा नाही! याला ऑफिस म्हणतात?”

ताई खाली उतरली. तीस वर्षं तिला एकच काम येत होतं, तेच तिने केलं. सीट पदराने पुसली आणि म्हणाली, “बसा ना.”

“कुठं?”

“हिच्यावर. तुम्हाला इथं दिवे हवेत ना? लावा. या खोलीत जेवढे आहेत तेवढे मी फळीवर लावून देते.”

मागची दोन माणसं छताकडे बघायला लागली. मला वाटलं, आता छत्री माझ्या मडगार्डावर बसणार. पण बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग छत्री एकाच्या हातात दिली, चपला काढल्या, आणि बसल्या की हो! बहुतेक लहानपणी सायकलीवरून पडलेल्या असणार. ज्या आवेशाने बसल्या, त्यावरून जुनं वैर वाटलं.

ताईने पहिलं बटण दाबलं. बाईंनी पायडल मारलं. दुसरं दाबलं. बाईंचे ओठ घट्ट झाले. तिसरं, चौथं. अंबाडा सुटला. पाचव्याला त्या पायडलवर उभ्याच राहिल्या. माझे आरे गरगरत होते, बल्ब थरथरत होते, रिकाम्या खोलीतल्या रिकाम्या भिंती उजळत होत्या. आणि बाई एकदम ओरडल्या:

“अगं बंद कर ते! इथं बसलंय कोण? कुणासाठी जाळायचे?”

बाई तशाच पायडलवर उभ्या. आपण काय बोललो ते त्यांना हळूहळू ऐकू आलं. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता सीटवर बसल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, “बरं, मग तुम्ही सगळे बसलाय तरी कुठं?”

ताईने मधलं दार उघडलं. मागच्या खोलीत खिडक्या सताड उघड्या, ऊन टेबलांवर सांडलेलं, आणि चाकांच्या टेबलांवर माना खाली घालून सगळं ऑफिस कामात गढलेलं. हिशेबनीस बाईंनी मान वर न करताच सांगितलं, “दार लावा, वाऱ्याने टेबल पळतं!”

ऑफिस राहिलं. पुष्कळ वर्षं राहिलं, अजूनही आहे. आता ते एका नव्या इमारतीत आहे. तिथं माणूस आत आला की दिवा आपोआप लागतो. मोठाल्या छपरांवर उन्हाची वीज करायची काळी तावदानं बसतात, कारखान्यातली गळती यंत्रात दिसते, आणि फ्रिजवर चांदण्या चिकटवलेल्या असतात, त्या मोजून लोक फ्रिज घेतात. चांगलं काम करतात पोरं. टेबलांना चाकं तेवढी नाहीत.

मी जिन्याखाली असते. माझ्या हँडलवर कुणीतरी रेनकोट वाळत घालतं. बल्बांची फळी भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. पण वाईट वाटून घेऊ नका. ताई निवृत्त झाली तरी मला विसरली नाही. दर उन्हाळा लागला की ती येते, खाली बसते, साखळीला तेल घालते, मामांच्या गप्पा सांगते, आणि जाताना घंटी वाजवून जाते. टिंग टिंग.

हं. आता शपथेचं काय?

घंटीची, साखळीची, पायडलांची शपथ घेतली होती, आणि आरे मला प्यारे आहेत, म्हणून सांगून टाकते. कोंबडा खरा आहे. घोरणारी आजी खरी आहे. बटाट्याच्या दुकानापर्यंत मी गेले होते, तेही खरं. एकच गोष्ट मी रचली. ताई येत नाही. एकदा आली होती, नवीन इमारतीच्या पहिल्या उन्हाळ्यात. त्यानंतर नाही. पण दर उन्हाळ्यात मला वाटतं की आली, म्हणून मी ते दरवेळी सांगते.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात जिन्याखाली, माळ्यावर कुणीतरी असेलच, एके काळी खूप राबलेलं. कधीतरी त्याच्यावरचा रेनकोट उचला. आणि तुम्हाला कुठं पांढऱ्या केसांची, एक दात पुढं असलेली आजी भेटली, रिकाम्या खोलीत जाऊन दिवा विझवणारी, तर ती आमची ताईच. तिला सांगा, साखळी कोरडी पडलीय. आणि हेही सांगा, की जिन्याखालचा दिवा बिघडलाय, कुणी नसलं तरी चालूच राहतो. तेवढ्यासाठी तरी ती नक्की येईल.